'टोटल इक्लिप्स' : भांडण पुरेपूर, लिहिणं जेमतेम

पॉल व्हेर्लेन आणि आर्त्युर रँबो या दोन फ्रेंच कवींच्या प्रेमावरचा आणि विनाशावरचा 'टोटल इक्लिप्स' (१९९५) या चित्रपटाबद्दल माझे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात. मी पुण्यात मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवते. वर्ग संध्याकाळचे असतात, नोकरीवरून थेट येणारी मंडळी. भाषा जरा रुळली की कुणीतरी रँबोचं नाव काढतं आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तो लिओनार्दो डिकॅप्रिओचा सिनेमा आहे ना, तो बघू का?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरात सगळं मावत नाही, म्हणून इथे नीट लिहिते आहे.

पोलिश दिग्दर्शिका अग्निएश्का होलांड यांचा हा चित्रपट आहे. त्याआधीच्या 'युरोपा युरोपा'मुळे त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पटकथा क्रिस्टोफर हॅम्प्टन यांची, त्यांच्याच नाटकावरून केलेली. ते नाटक १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं तेव्हा हॅम्प्टन जेमतेम बावीस वर्षांचे होते. चित्रपट बघताना ते वय जाणवतं. दोन माणसं एका खोलीत एकमेकांना बोलून कशी जखमी करतात हे त्यांना अचूक कळलेलं आहे. मात्र त्याच खोलीत दुपारभर काही न बोलता कागदावर काय चाललं असेल, तिकडे त्यांचं लक्ष कमी आहे. माझी मुख्य तक्रार हीच, पण आधी जे चांगलं आहे ते सांगते. ते बरंच आहे.

सुरुवात १८९२ च्या सुमाराला होते. रँबो मरण पावलेला आहे. त्याची बहीण इझाबेल पॅरिसमध्ये म्हाताऱ्या व्हेर्लेनला कॅफेत भेटते. भावाची हस्तलिखितं परत हवीत, त्यातलं अभद्र तेवढं काढून टाकायचं आहे, असा तिचा हेतू. दोमिनिक ब्लाँ ही अभिनेत्री इझाबेलचं काम फार संयमाने करते. घट्ट बंद केलेला गळा, नीटनेटकी टोपी, आणि भाऊ शेवटी धर्माकडे वळला हे सांगताना चेहऱ्यावर आलेलं समाधान. समोर व्हेर्लेन, ॲबसिंथ या कडक दारूचा ग्लास, टक्कल, विस्कटलेली दाढी. या बैठकीतून गोष्ट मागे, १८७१ कडे जाते. ही मांडणी मला आवडली, कारण त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की चित्रपट नावाला रँबोचा असला तरी खरा व्हेर्लेनचा आहे. आठवतो आहे तो व्हेर्लेन. मागे उरला तोही व्हेर्लेनच.

आणि तो उभा केला आहे डेव्हिड थ्यूलिसने. आपल्याकडच्या तरुण प्रेक्षकांना हा नट हॅरी पॉटरमधला प्राध्यापक ल्युपिन म्हणून माहीत असतो. इथे तो एका दुबळ्या माणसाचं काम करतो. व्हेर्लेन बायकोला मारतो आणि लगेच तिच्या पायाशी बसून रडतो. रँबोला घरी बोलावतो आणि सासरच्यांसमोर त्याची बाजू घ्यायची वेळ आली की नजर चुकवतो. प्रत्येक वेळी त्याला खरंच वाईट वाटतं आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा तेच करतो. थ्यूलिस त्याला कुठेही गोंडस करत नाही आणि राक्षसही करत नाही. खांदे पुढे झुकलेले, ओठ सतत काहीतरी बोलायच्या बेतात. असा माणूस आपण प्रत्यक्षात पाहिलेला आहे असं वाटत राहतं, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

डिकॅप्रिओबद्दल लोक टोकाचं बोलतात. त्या वेळी तो विशीत होता, 'टायटॅनिक' अजून यायचा होता. त्याचं अमेरिकन बोलणं आणि थ्यूलिसचं इंग्लंडमधलं बोलणं एकाच टेबलावर ऐकताना पहिली काही मिनिटं कानाला टोचतं. तरीही रँबोचा उद्दामपणा त्याच्या अंगात शिरला आहे. शार्लव्हिलहून आलेला, चिखलाच्या बुटांचा, सतरावं सरत आलेला मुलगा दिवाणखान्यात येतो आणि तिथल्या प्रत्येक वस्तूकडे ती आत्ताच फुटणार असल्यासारखा पाहतो, ते त्याने छान केलं आहे. कवींच्या मेजवानीत तो गोंधळ घालतो, तलवार उपसतो. हा प्रसंग खरा आहे. १८७२ च्या सुरुवातीला रँबोने छायाचित्रकार एत्येन कार्जा याच्यावर काठीतल्या तलवारीने वार केला होता. आज रँबोचा जो चेहरा टी-शर्टवर आणि पुस्तकांवर दिसतो, तो फोटो याच कार्जाने काढलेला.

आता मातिल्दबद्दल. व्हेर्लेनची बायको. रोमान बोरँजेने तिचं काम केलं आहे आणि माझ्या मते चित्रपटातली सगळ्यात प्रामाणिक भूमिका तीच. १८७० च्या ऑगस्टमध्ये लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मुलगा झाला, जॉर्ज. रँबो घरात आला तेव्हा तिला आठवा-नववा महिना लागला होता. नवरा दारू पिऊन यायचा, मारायचा, एकदा तर तान्ह्या बाळाला त्याने भिंतीवर आपटलं. हे मातिल्दने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि ते पुस्तक ती गेल्यावर, १९३५ मध्ये छापलं गेलं. चित्रपट तिच्यावर झालेली मारहाण लपवत नाही. आपल्याला खुर्चीत अस्वस्थ व्हायला होतं आणि तसं व्हायलाच हवं. दोन पुरुष कवींच्या बंडखोरीचं गाणं गाणाऱ्या लेखांमध्ये ही मुलगी नेहमी कोपऱ्यात ढकललेली असते, कधी 'रटाळ मध्यमवर्गीय बायको' म्हणून तर कधी नुसती 'अडथळा' म्हणून. होलांड यांनी तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवला, यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

ब्रसेल्सचा प्रसंगही असाच. १८७२ च्या जुलैमध्ये दोघे बेल्जियमला पळाले आणि मातिल्द नवऱ्याला परत आणायला गेली. तो तिच्याबरोबर आगगाडीत बसलाही. सरहद्दीवरच्या किएव्रँ स्टेशनात तपासणीसाठी सगळे उतरले आणि तो पुन्हा चढलाच नाही. फलाटावरच्या त्या मुलीला मी विसरू शकत नाही.

मात्र सासरच्या घराच्या बाबतीत चित्रपटाने मोठी संधी गमावली. मोंमार्त्रमधलं र्यु निकोलेवरचं ते घर पडद्यावर केवळ श्रीमंत, ताठर आणि कंटाळवाणं दिसतं. प्रत्यक्षात मातिल्दची आई मादाम मोते पियानो शिकवायची आणि त्याच सुमाराला तिच्याकडे एक नऊ वर्षांचा गरीब मुलगा शिकत होता. त्याचं नाव क्लोद द्यबुसी. तिनेच त्याची तयारी करून घेतली आणि १८७२ मध्ये तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. पुढे याच द्यबुसीने व्हेर्लेनच्या कवितांना चाली दिल्या आणि त्या कवितांमुळेच जग व्हेर्लेनला गुणगुणतं. मी मोठ्या वर्गाला ही गोष्ट सांगते तेव्हा सगळे पुढे सरकून बसतात. ज्या घरात मारहाण चालली होती, त्याच घरातली बाई परक्या गरीब मुलाला कसून शिकवत होती. नाटक करणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं?

इथूनच माझी मुख्य तक्रार सुरू होते. हा चित्रपट बघून उठलेल्या माणसाला वाटेल की दारू प्यायची, चाकू चालवायचे, दुसऱ्याच्या घरात घाण करायची आणि मधल्या वेळात कविता आपोआप होते. रँबोची कविता अशी झालेली नाही. शार्लव्हिलच्या शाळेत तो लॅटिन पद्यरचनेत बक्षिसं मिळवणारा मुलगा होता आणि त्याच्या लॅटिन कविता पंधराव्या वर्षी छापूनही आल्या. १८७० मध्ये जॉर्ज इझाम्बार नावाचा तरुण शिक्षक तिथे आला, वय एकवीस. त्याने या मुलाला आपली पुस्तकं वाचायला दिली. त्यात व्हिक्टर ह्यूगोचं पुस्तक दिलं म्हणून रँबोच्या आईने शिक्षकाला रागाचं पत्र पाठवलं. पोरगा विनातिकीट पॅरिसला गेला आणि तुरुंगात पडला, तेव्हा त्याला सोडवून आणण्यासाठी धडपड याच शिक्षकाने केली. मी शिक्षिका आहे, त्यामुळे इझाम्बार मला जवळचा वाटतो, हे उघड आहे. पण त्याला वगळल्यामुळे चित्रपटातला रँबो आभाळातून पडल्यासारखा येतो. १८७१ च्या मे महिन्यात त्याने जी दोन प्रसिद्ध पत्रं लिहिली, त्यांतलं, सगळ्या इंद्रियांची उलथापालथ करून कवीने द्रष्टा व्हावं, अशा अर्थाचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. कवी होऊ पाहणाऱ्याने सगळ्यात आधी स्वतःला पुरतं जाणून घेण्याचा अभ्यास करायचा, हेही त्यांतल्या मोठ्या पत्रात आहे. तो मुलगा कामाबद्दल बोलत होता.

बेल्जियमनंतर दोघे लंडनला राहिले, तो भागही याच कारणाने अर्धा वाटतो. पडद्यावर थंडी, घाण खोली, पैशाची चणचण आणि भांडणं आहेत, आणि ती खरीच होती. पण मार्च १८७३ मध्ये दोघांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात नाव नोंदवलं होतं. त्यासाठी वय एकवीस पूर्ण लागे. रँबो अठराचा होता, त्याने एकवीस झाल्याचं लिहून दिलं. तिथे ऊब होती, पुस्तकं होती, शाई होती. कॅम्डनमधल्या ग्रेट कॉलेज स्ट्रीटच्या घरातून दोघांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: दोन पॅरिसी सद्गृहस्थ फ्रेंचच्या शिकवण्या घेतील. जगातले दोन सर्वांत मोठे फ्रेंच कवी लंडनमध्ये विद्यार्थी शोधत होते! चित्रपट यावर थांबत नाही. माझ्यासारखीला तर यावरच अर्धा तास हवा होता. ते इंग्रज विद्यार्थ्याला क्रियापदं कशी शिकवत असतील, पैसे कसे मागत असतील, घरी येऊन काय बोलत असतील?

याच काळात व्हेर्लेन त्याच्या सर्वांत नाजूक कविता लिहीत होता. शहरावर पडणाऱ्या आणि मनातही पडणाऱ्या पावसाची जी कविता फ्रान्समधल्या शाळांतली मुलं पाठ करतात, ती याच काळातल्या संग्रहातली. त्या कवितेच्या माथ्यावर व्हेर्लेनने पावसावरची एक ओळ रँबोच्या नावाने दिली आहे. ती ओळ रँबोच्या इतर कुठल्या कवितेत सापडत नाही. याचा अर्थ एकाने दुसऱ्याला ऐकवलेलं, बोलता बोलता सुचलेलं काहीतरी असेल आणि दुसऱ्याने ते जपून कवितेवर बांधलं असेल. तिकडे रँबोने आपल्या 'नरकातला एक ऋतू' या पुस्तकात एक संपूर्ण भाग दुसऱ्या माणसाच्या तोंडून लिहिला आहे. बोलणारी एक रडवी, शरण गेलेली, तक्रार करणारी व्यक्ती आहे, आणि बहुतेक अभ्यासक तिच्यात व्हेर्लेन ओळखतात. ज्या मुलाने व्हेर्लेनची सतत चेष्टा केली, त्याने त्याचं मन आतून इतकं समजून घेतलं होतं. दोघांमध्ये खरं काय होतं हे या दोन पुराव्यांत सापडतं. चित्रपटात ते नाही, म्हणून ही दोन माणसं एकमेकांना सोडून का जात नाहीत, हा प्रश्न प्रेक्षकाला शेवटपर्यंत पडत राहतो.

मासळीचा प्रसंग मात्र उत्तम झालाय. व्हेर्लेन बाजारातून मासे आणि तेलाची बाटली घेऊन येतो, रँबो वरून त्याला बघून हसतो, आणि तेवढ्यावरून सगळं संपतं. जवळपास दोन वर्षांचं ओझं इतक्या क्षुल्लक गोष्टीवर कोसळतं. इथे हॅम्प्टन यांचं लेखन फार वरच्या दर्जाचं आहे.

मग दोघांची पुन्हा गाठ पडते ती ब्रसेल्समध्ये. तारीख १० जुलै १८७३. सकाळी व्हेर्लेनने सेंट ह्यूबर्टच्या छपराखालच्या बाजारपेठेत रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. दुपारी हॉटेलच्या खोलीत त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या डाव्या मनगटात शिरली. व्हेर्लेनची आई शेजारच्याच खोलीत होती आणि दोघांना तिनेच सावरलं. संध्याकाळी स्टेशनाकडे जाताना व्हेर्लेनने पुन्हा खिशात हात घातला आणि रँबोने पोलिसाला हाक मारली. शिक्षा दोन वर्षांची झाली. रँबोने तक्रार मागे घेतली होती, तरीही. चौकशीत दोघांच्या संबंधांवरून व्हेर्लेनची जी अपमानास्पद वैद्यकीय तपासणी झाली, ती चित्रपट दाखवतो, आणि न्यायालयाला गोळीपेक्षा कशाचा राग जास्त आला होता ते तिथे स्वच्छ कळतं. न्यायाधीशाच्या छोट्या भूमिकेत खुद्द हॅम्प्टन आहेत. तेच रिव्हॉल्व्हर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना गेलं. त्याउलट रँबोने ब्रसेल्समध्ये छापून घेतलेल्या त्या नरकातल्या ऋतूच्या ५०० प्रतींपैकी बहुतेक पैसे न भरल्यामुळे छापखान्यातच पडून राहिल्या आणि १९०१ मध्ये एका बेल्जियन पुस्तकप्रेमीला सापडल्या.

शेवटचा आफ्रिकेचा भाग घाईत उरकला आहे. मला याचं विशेष वाईट वाटलं, कारण इथे आपला एक धागा आहे. रँबो १८८० मध्ये एडनला पोहोचला तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा आणि बाजारात चलन रुपयाचं होतं. कविता सोडलेला हा माणूस कॉफी आणि कातडी यांच्या हिशेबात रुपये मोजत होता, तिथून आजच्या इथिओपियातल्या हरारला गेला, पुढे तिथल्याच मेनेलिक राजाला बंदुका विकल्या. आठेक किलो वजनाचं सोनं कमरेला बांधून हिंडावं लागतं आणि त्याने पोट बिघडतं, अशी तक्रार त्याने घरच्यांना लिहिलेल्या पत्रात आहे. १८९१ मध्ये उजव्या गुडघ्यात गाठ झाली. हरारहून समुद्रापर्यंत हमालांनी त्याला डोलीतून नेलं. मार्सेयच्या इस्पितळात पाय कापला आणि १० नोव्हेंबरला तो गेला, वय ३७. पडद्यावर हे सारं काही मिनिटांत निघून जातं. यॉर्गोस आर्वानितिस यांचं छायाचित्रण या भागात सुंदर आहे, आणि इतकं सुंदर चित्र असताना गोष्ट पळवली याची चुटपुट जास्तच लागते.

यान काच्मारेक यांचं संगीत मला आवडलं. ते भावना अंगावर ओतत नाही. घरं, कपडे, मेणबत्त्यांचा उजेड, पॅरिसचा चिखल यांवर घेतलेली मेहनत दिसते. पॅरिस कम्यून, म्हणजे १८७१ मधलं पॅरिसकरांचं बंड, मात्र जवळजवळ नाहीसा झाला आहे. व्हेर्लेन तेव्हा नगरपालिकेच्या कचेरीत कारकून होता, बंडाच्या काळात तिथेच काम करत राहिला आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. सासऱ्याच्या छपराखाली, बेकार, पकडले जाण्याच्या धास्तीत बसलेला माणूस, ही त्याच्या पिण्याची आणि पळून जाण्याची एक बाजू आहे. त्याने मारहाण माफ होत नाही. पण माणूस कळतो.

तर बघावा का? वयाने मोठ्या प्रेक्षकांनी जरूर बघावा. नग्नता आहे, हिंसा आहे, आणि स्त्रीवरच्या अत्याचाराची दृश्यं लांब चालतात. ज्यांच्या घरात असं काही घडून गेलं आहे त्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं. कुटुंबाबरोबर बसून बघण्याचा हा चित्रपट नाही. दोन पुरुषांचं प्रेम हा काही विकार असल्यासारखं तो दाखवत नाही, ही १९९५ च्या मानाने मोठी गोष्ट आहे. इथला विनाश त्या प्रेमातून येत नाही. तो एकाच्या दुबळेपणातून आणि दुसऱ्याच्या निर्दयपणातून येतो.

माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगते की क्रम उलटा करा. आधी व्हेर्लेनच्या त्या पावसाच्या कवितेचं ध्वनिमुद्रण फ्रेंचमध्ये ऐका. अर्थ अर्धाच लागला तरी चालेल. मग रँबोची होडीवरची कविता वाचा. शंभर ओळी आहेत, आणि व्हेर्लेनच्या दाराशी तो हीच घेऊन आला होता. ती लिहिली तेव्हा त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. जमलं तर द्यबुसीने बांधलेली व्हेर्लेनची गाणीही ऐका. त्यानंतर चित्रपट लावा. मग थ्यूलिस टेबलाशी बसून ग्लासात बघत असेल तेव्हा तो काय करू शकणारा माणूस होता हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, आणि पटकथेने जे सांगितलं नाही ते तुमचं तुम्ही भरून घ्याल. बघून झाल्यावर वर्गात या. मला मातिल्दबद्दल तुमचं मत ऐकायचं आहे.